नवा फ्लॅगशिप फोन घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी-फेब्रुवारीत सॅमसंगची गॅलेक्सी एस मालिका येते, सप्टेंबरात आयफोन येतो आणि लगेच दसरा-दिवाळीचे सेल लागतात. या काळात वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. ऐंशी हजार ते सव्वा लाख ही मराठी मध्यमवर्गीय घरात साधी रक्कम नाही, म्हणून उत्तरं मोघम ठेवलेली नाहीत. किमती भारतातल्या, फोन बाजारात आला त्या दिवसाच्या आहेत.

१. फ्लॅगशिप म्हणजे नेमका कोणता फोन? महाग असेल तो फ्लॅगशिप का?

कंपनी त्या वर्षीची आपली सर्वोत्तम चिप, कॅमेरा आणि स्क्रीन ज्या मालिकेत घालते, ती मालिका फ्लॅगशिप. ॲपलचा मुख्य आयफोन, सॅमसंगची गॅलेक्सी एस, गूगलचा पिक्सेल. एकाच मालिकेतही बराच फरक असतो. गॅलेक्सी एस२५ आला तो ८०,९९९ रुपयांना आणि एस२५ अल्ट्रा १,२९,९९९ रुपयांना. आयफोन १७ चं सुरुवातीचं मॉडेल ८२,९०० रुपयांचं. त्यामुळे ‘फ्लॅगशिप घेऊ का’ असं विचारताना त्यातला कोणता, हेही ठरवा. मधल्या पन्नास हजारांत बहुतेक करून मोठी स्क्रीन आणि लांबचा झूम मिळतो.

२. माझा फोन तीन वर्षांचा आहे. बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

नव्या फोनमध्ये काय आलं ते आधी बघू नका. आपल्या फोनमध्ये काय थांबलं ते बघा. तीन गोष्टी तपासा. सिक्युरिटी अपडेट अजून येतात का (प्रश्न ३ आणि ४)? बॅटरी दिवसभर पुरते का, आणि पुरत नसेल तर ती बदलून भागेल का (प्रश्न ५)? तुमचं एखादं रोजचं काम या फोनवर होतच नाही, असं आहे का? हे काम नाव घेऊन सांगता आलं पाहिजे: ‘रात्रीच्या कार्यक्रमांचे फोटो गिऱ्हाईकाला देण्यासारखे येत नाहीत’, ‘बँकेचं ॲप उघडत नाही’, ‘स्टोरेज भरलंय आणि वाढवता येत नाही’. ‘जरा जुना वाटतो’ हे यात धरू नका.

तिन्ही ठीक असतील तर फोन बदलू नका, हे आमचं स्पष्ट मत आहे. वय तीन वर्षं आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. २०२४ च्या जानेवारीतला गॅलेक्सी एस२४ तीन वर्षांचा होईल, तेव्हा त्याचं अपडेटचं निम्मं आयुष्यसुद्धा संपलेलं नसेल.

३. माझ्या फोनला अपडेट कधीपर्यंत मिळणार, हे कुठे बघायचं?

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ किंवा ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’ उघडलं की शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. ती सहा-आठ महिने जुनी असेल आणि ‘अपडेट उपलब्ध नाही’ असं येत असेल, तर पुरवठा आटत चालला आहे किंवा थांबला आहे.

कंपन्यांनी दिलेला शब्द असा आहे. गूगलने पिक्सेल ८ पासून (ऑक्टोबर २०२३) आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून (जानेवारी २०२४) सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं आहे. त्याआधीच्या गॅलेक्सी एस२२ आणि एस२३ ला पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट आहेत, म्हणजे एस२२ चे साधारण २०२७ च्या सुरुवातीला संपतील, एस२३ चे २०२८ ला. आयफोनचा अंदाज इतिहासावरून बांधायचा: सप्टेंबर २०२५ मध्ये आलेलं आयओएस २६ हे २०१९ च्या आयफोन ११ वरही चालतं, २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरला मात्र मिळालं नाही.

मोजणी फोन बाजारात आला त्या दिवसापासून होते, तुम्ही विकत घेतला त्या दिवसापासून नाही. सेलमध्ये दोन वर्षं जुना फोन बॉक्स-पॅक मिळाला, तरी त्याची दोन वर्षं वापरून झालेली असतात.

४. अपडेट बंद झालेला फोन वापरला तर काय बिघडतं? चालतोय की!

चालतो, आणि काही दिवस चालेलही. पण सिक्युरिटी अपडेट म्हणजे सापडलेली भोकं बुजवण्याचं काम. अपडेट थांबलं की पुढे सापडणारं प्रत्येक भोक तुमच्या फोनमध्ये उघडंच राहतं. आज त्याच फोनवर यूपीआय आहे, बँकेचं ॲप आहे, ओटीपी येतात, आधार आहे. फक्त गाणी ऐकायला आणि यूट्यूबला वापरणार असाल तर खुशाल वापरा. पैशांचे व्यवहार त्यावरून करणार असाल तर अपडेट संपल्यावर वर्षभराच्या आत फोन बदलावा, असं आम्ही सांगतो.

ॲप बंद पडण्याचा टप्पा यानंतर बऱ्याच वर्षांनी येतो. २०२५ मध्ये व्हॉट्सॲपला किमान अँड्रॉइड ५ किंवा आयओएस १५.१ लागत होतं. त्यामुळे ‘व्हॉट्सॲप चालतंय’ यावरून फोन सुरक्षित आहे असं समजू नका.

५. बॅटरी दुपारपर्यंतच टिकते. नवा फोन घेऊ की बॅटरी बदलू?

बॅटरी बदला. आमच्याकडे ‘अपग्रेड करू का’ म्हणून येणाऱ्या कितीतरी पत्रांत खरा त्रास एवढाच असतो.

लिथियम बॅटरी झिजते आणि ते तिच्या घडणीतच आहे. ॲपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ आणि आधीच्या फोनची बॅटरी ५०० पूर्ण चार्ज सायकलनंतर (एकूण शंभर टक्के चार्ज वापरला की एक सायकल) मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहते, आयफोन १५ मालिकेची १,००० सायकलनंतर, तीही आदर्श स्थितीत. मे महिन्यात नागपुरात किंवा जळगावात गाडीच्या डॅशबोर्डवर नेव्हिगेशन लावून फोन चार्जिंगला ठेवलेला असतो, ती स्थिती आदर्श नव्हे.

आयफोनवर सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी हेल्थ इथे टक्के दिसतात. सॅमसंगवर ‘सॅमसंग मेंबर्स’ ॲपमधल्या डायग्नोस्टिक्समध्ये बॅटरीची स्थिती कळते. आकडा ८० च्या खाली असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला बॅटरी बदलून घ्या. खर्च काही हजार रुपयांत होतो आणि चांगल्या फोनची दोनेक वर्षं वाढतात. गल्लीतल्या दुकानात निम्म्या पैशांत होतं, पण फ्लॅगशिप फोनच्या मागच्या काचेखालचं सील पुन्हा नीट बसलं नाही तर पाण्यापासूनचं संरक्षण गेलंच (प्रश्न १४).

चार्जिंगच होत नसेल तर आणखी एक गोष्ट करून पाहा. फोन बंद करा, टॉर्च धरून चार्जिंग पोर्टमध्ये बघा. वर्षानुवर्षं खिशात राहिलेल्या फोनच्या पोर्टच्या तळाशी कपड्यांच्या धाग्यांचा राखाडी थर दाबून बसलेला असतो. केबल आत पूर्ण जात नाही, जरा हलली की चार्जिंग तुटतं. लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कडेकडेने कोरलं की तो थर गोळा होऊन बाहेर येतो आणि केबल पुन्हा ‘टक’ आवाज करून बसते. सुई किंवा टाचणी वापरू नका.

६. फोन फार स्लो झालाय. कंपन्या मुद्दाम करतात ना?

या संशयाला एक खरा आधार आहे. २०१७ च्या डिसेंबरात ॲपलने मान्य केलं, की बॅटरी झिजलेल्या आयफोन ६, ६एस, ७ अशा मॉडेल्सचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जात होता. फोन अचानक बंद पडू नये हे कारण कंपनीने दिलं, गिऱ्हाईकांना न सांगता केल्याबद्दल माफी मागितली आणि २०१८ मध्ये बॅटरी बदलण्याचा दर बराच उतरवला. बॅटरी हेल्थचा पर्याय आला तो त्यानंतर. तेव्हा वेग मंदावण्यामागेही बॅटरी असू शकते.

बाकीच्या फोनमध्ये बहुतेक वेळा स्टोरेज काठोकाठ भरलेलं असतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ उघडा. ‘सुप्रभात’ची चित्रं, सत्यनारायणाच्या पूजेचे दहा ग्रुपमध्ये दहादा आलेले तेच व्हिडिओ, सोसायटीच्या पीडीएफ असे कित्येक जीबी तिथे सापडतात. पाचवा हिस्सा जागा रिकामी करा, आठवडाभर वापरा आणि मग ठरवा.

७. माझ्याकडे गेल्या वर्षीचा फ्लॅगशिप आहे. या वर्षीचा घेऊ का?

नको.

हिशेब करून बघा. ८०,००० चा फोन वर्षभराने ४५,००० ला गेला असं धरू. म्हणजे एका वर्षाचे ३५,००० रुपये पडले. तोच फोन चार वर्षं वापरला, मध्ये ८,००० ची बॅटरी घातली आणि शेवटी १६,००० ला विकला, तर वर्षाला १८,००० पडतात. या जादा पैशांत तुम्हाला मिळतं काय, तर थोडी वेगवान चिप आणि थोडा बरा कॅमेरा. क्वचितच एखाद्या वर्षी मोठी उडी असते, जशी साध्या आयफोनला १७ मध्ये मिळाली: ६० हर्ट्‌झची स्क्रीन १२० हर्ट्‌झची झाली (चित्र सेकंदाला दुप्पट वेळा ताजं होतं) आणि सुरुवातीचं स्टोरेज १२८ वरून २५६ जीबी झालं. ती उडीदेखील आयफोन १२-१३ वाल्यांसाठी आहे, १६ वाल्यांसाठी नाही.

८. बदलायचाच आहे. मग नवा घेऊ की गेल्या वर्षीचा फ्लॅगशिप?

बहुतेकांसाठी गेल्या वर्षीचा. नवा आयफोन आला की आदल्या वर्षीच्या साध्या मॉडेलची किंमत ॲपल भारतात साधारण दहा हजारांनी उतरवते. आयफोन १६ आला ७९,९०० ला, १७ आल्यावर झाला ६९,९००. सेलमध्ये बँकेची सूट धरून तो आणखी खाली येतो. अँड्रॉइड फ्लॅगशिपची किंमत त्याहून जास्त उतरते. प्रो मॉडेलचं मात्र वेगळं: ॲपल नवा प्रो आणते तेव्हा जुना प्रो स्वतः विकायचं बंद करते, दुकानदारांकडे उरलेला माल संपेपर्यंतच मिळतो.

दोन गोष्टी आधी तपासा. अपडेटची उरलेली वर्षं मोजा (प्रश्न ३). आणि आत चिप कोणती आहे ते खोक्यावर किंवा वेबसाइटवर वाचा. गॅलेक्सी एस२४ भारतात आला एक्झिनॉस २४०० या सॅमसंगच्या स्वतःच्या चिपवर, तर एस२४ अल्ट्रा क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगनवर. पुढे २०२५ मध्ये साधा एस२४ स्नॅपड्रॅगनसहही विकायला आला. नाव एकच, पण आतला माल दोन प्रकारचा.

थांबलं की दर उतरतो, हा नियम मात्र आता डोळे मिटून धरू नका. २०२५ च्या अखेरीपासून एआय सर्व्हरची मागणी वाढल्याने मेमरी चिप महागल्या आहेत आणि त्याचा भार फोनवरही येतो. गरज खरी असेल आणि दर बरा मिळत असेल तर पुढच्या सणाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

९. फक्त कॅमेऱ्यासाठी अपग्रेड करणं योग्य आहे का?

कधी कधी हो. मूल लहान आहे, ते एका जागी थांबत नाही आणि घरातल्या ट्यूबलाइटमध्ये फोटो हलतात, हे खरं कारण आहे. कमी उजेडातला फोटो आणि झूम यांत चार वर्षांपूर्वीच्या मध्यम किमतीच्या फोनपेक्षा आजचा फ्लॅगशिप फार पुढे आहे. मेगापिक्सेलच्या आकड्याकडे बघू नका. २०० मेगापिक्सेलचा कॅमेराही एरवी शेजारचे पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. सेन्सरचा आकार आणि वेगळी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स आहे का, हे विचारा.

दुकानात गेलात तर डेमो फोनवर बाहेरच्या रस्त्याचा फोटो काढू नका, तो सगळ्यांचाच छान येतो. दुकानाचा सगळ्यात अंधारा कोपरा शोधा, सोबतच्या माणसाला हात हलवायला सांगा आणि तोच फोटो तुमच्या आताच्या फोनवरही काढा. दोन्ही शेजारी धरून बोटं नीट दिसतात का ते बघा. फरक दिसला नाही तर पैसे वाचले.

१०. नव्या फोनमधलं एआय मराठीत चालतं का?

जाहिरातीत दिसतं तेवढं नाही. गॅलेक्सी एआयचं फोनवरचं थेट भाषांतर २०२४ मध्ये सुरू झालं, तेव्हा भारतीय भाषांपैकी त्यात हिंदी होती, मराठी नव्हती. ॲपल इंटेलिजन्स भारतासाठी आलं ते इंग्रजीत, आणि तेही आयफोन १५ प्रो किंवा त्यापुढच्या फोनवरच चालतं. याउलट गूगलने जेमिनी लाइव्ह (एआयशी बोलून संवाद साधायची सोय) २०२४ मध्येच मराठीत आणलं, जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करता येतं, आणि या दोन्हींसाठी फ्लॅगशिप लागत नाही. ज्यांना मराठीतून बोलून काम करायचं आहे त्यांनी आधी हे आताच्या फोनवर वापरून पाहावं. एआयसाठी म्हणून ऐंशी हजार खर्च करावेत, असं मराठी वापरणाऱ्याला आम्ही आज सांगणार नाही.

११. माझा फोन ४जी आहे. ५जी साठी बदलावा लागेल का?

५जी साठी लागेल, पण घाई नाही. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, ४जी अजून सगळीकडे चालू आहे. आयफोन ११ पर्यंतचे आयफोन ४जीच आहेत. गर्दीच्या ठिकाणी, लोकलमध्ये किंवा गणपतीच्या दिवसांत पुण्याच्या पेठांत ४जी तुंबतं, तिथे ५जीचा फरक जाणवतो. जिओचं ५जी स्टँडअलोन (एसए), म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं आहे, त्यामुळे सुरुवातीच्या काळातला ५जी फोन असेल तर तो ‘एसए ५जी’ घेतो का ते तपासा. फक्त ५जी हवं असेल तर फ्लॅगशिपची गरज नाही, पंधरा हजारांतही मिळतं.

१२. नो कॉस्ट ईएमआयवर घेतला तर फुकटात हप्ते पडतात ना?

पूर्ण फुकट नाही. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. म्हणून आता बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढीच सूट देतो. पण हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्हाला भरावा लागतो. व्याज ५,००० असेल तर जीएसटी ९००, वर प्रोसेसिंग फी. रक्कम लहान आहे, पण एकरकमी भरल्यावर मिळणारी वेगळी सूट हप्त्यांवर मिळत नसेल तर फरक बराच पडतो. बिल होण्याआधी दोन्ही आकडे दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्या.

हप्ता फोनच्या अपडेटच्या आयुष्यापेक्षा कितीतरी आधी संपला पाहिजे. आणि एका फोनचे हप्ते चालू असताना दुसरा घेऊ नका, कितीही चांगली ऑफर आली तरी.

१३. भाऊ अमेरिकेतून येतोय. तिकडून आयफोन मागवू का?

आयफोन १४ पासून (२०२२) अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिम घालायची खाचच नाही, फक्त ई-सिम चालतं. जिओ, एअरटेल आणि व्हीआय ई-सिम देतात, पण फोन बिघडला तर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकता येत नाही. गावी जाणाऱ्यांना आणि दोन फोन वापरणाऱ्यांना हे जड जातं. तिथे मोबाइल कंपनीकडून हप्त्यांवर घेतलेला फोन लॉक असू शकतो, तो इथल्या सिमवर चालणार नाही. पूर्ण पैसे भरून घेतलेला, अनलॉक्ड फोनच मागवा. वॉरंटी इथे चालेल का, हे त्या मॉडेलचं नाव सांगून अधिकृत सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

१४. आयपी६८ आहे म्हणजे पावसात, समुद्रात चालेल?

पावसात हो, समुद्रात नाही. आयपी६८ हा धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा आहे; त्याची चाचणी स्थिर गोड्या पाण्यात होते, सॅमसंगची दीड मीटर खोल तीस मिनिटं, अलीकडच्या आयफोनची सहा मीटरपर्यंत. मालवणच्या किंवा कळंगुटच्या खाऱ्या पाण्यात फोन नेऊ नका. सील वर्षांनुसार आणि फोन पडल्यावर सैल होतं, आणि पाणी जाऊन झालेला बिघाड सर्वसाधारण वॉरंटीत बसत नाही. जुन्या फ्लॅगशिपला नव्यासारखा जलरोधक समजू नका.

१५. सेकंडहँड किंवा रिफर्बिश्ड फ्लॅगशिप घेताना काय बघू?

डायल पॅडवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक दिसेल. तो बिलावरच्या आणि खोक्यावरच्या आकड्याशी जुळवा. मग सरकारच्या ‘संचार साथी’ ॲपवर किंवा संकेतस्थळावर टाकून फोन चोरीचा म्हणून बंद केलेला नाही ना, ते बघा. विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याच्या ॲपल किंवा गूगल खात्यातून बाहेर पडायला लावा. ‘घरी जाऊन काढतो’ म्हणाला तर पैसे देऊ नका.

स्क्रीनवर पूर्ण पांढरं चित्र लावून हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ आहे का बघा. ओलेड स्क्रीनच्या जुन्या फोनमध्ये ही तक्रार भारतात बरीच आली आहे. मग फोन सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगत असेल किंवा मागची काच कडेने उचललेली दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे, तो फोन घेऊ नका.

१६. मी नवा घेतो आणि माझा जुना बाबांना देतो. चालेल ना?

चांगला मार्ग आहे, फक्त प्रश्न ४ आधी वाचा. पेन्शनचं खातं ज्या फोनवर आहे, त्याला अपडेट मिळत असलीच पाहिजेत. तुमच्या फोनची दोन वर्षं उरली असतील तर बॅटरी बदलून द्या. देताना अक्षरांचा आकार वाढवा, मराठी कीबोर्ड लावा, नको ती ॲप काढा आणि आणीबाणीचे नंबर भरून ठेवा. एक दुपार त्यांच्याशेजारी बसून त्यांच्याकडूनच दोन कॉल आणि एक फोटो पाठवून घ्या. बरीच वडीलधारी माणसं बटणं बदलली म्हणून नवा फोन कपाटात ठेवतात आणि जुनाच वापरत राहतात.

१७. फोन बदलताना यूपीआय आणि व्हॉट्सॲपचं काय होतं?

यूपीआय सिम आणि फोन या जोडीला बांधलेलं असतं, नव्या फोनवर पुन्हा नोंदणी करावी लागते. त्यानंतर साधारण पहिले २४ तास, आयफोनवर बहुधा ७२ तास, व्यवहार ५,००० रुपयांपुरते मर्यादित राहतात. लग्नाच्या हॉलचे पैसे किंवा शाळेची फी भरायची आहे त्या आठवड्यात फोन बदलू नका.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना व्हॉट्सॲपच्या चॅट ‘मूव्ह टू आयओएस’ ने नेता येतात, पण आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच. आधी फोन वापरायला लागलात तर तो पुसून पुन्हा सुरुवात करावी लागते. जुना फोन निदान आठवडाभर विकू नका.

१८. दुकान माझं आहे. फोनवरचा जीएसटी परत मिळतो का?

मोबाइलवर एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. ८२,९०० च्या फोनमध्ये त्यातले साधारण १२,६०० कराचे असतात. तुमची जीएसटी नोंदणी असेल, फोन धंद्यासाठी वापरणार असाल आणि बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक असेल तर त्याचं इनपुट क्रेडिट घेता येतं. कंपोझिशन योजनेत असाल तर नाही. कराच्या रकमेवर घसारा लावलात तरीही नाही. बिल झाल्यावर क्रमांक घालून घेणं अवघड जातं, म्हणून पैसे देण्याआधी सांगा.

१९. ड्रॉवरमध्ये जुने तीन फोन पडलेत. एक्स्चेंजला कोणी घेत नाही. काय करू?

चालू होत असतील तर त्यातले फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, खात्यातून बाहेर पडा आणि फॅक्टरी रीसेट करा. ई-कचरा नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यानुसार जुन्या उपकरणांची विल्हेवाट ही उत्पादकांचीही जबाबदारी आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर जमा करण्याचे पत्ते असतात. फुगलेल्या बॅटरीचा फोन चार्जिंगला लावू नका, दाबू नका, भंगारवाल्याकडे किंवा घंटागाडीत टाकू नका. कोरड्या जागी, कागद-कपड्यांपासून दूर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला नेताना बॅटरी फुगलेली आहे हे काउंटरवर आधी सांगा.